मुकादमाचं घर

राहायला येण्यासाठी आक्कांनी फोनवर एकच अट घातली. "ससा येणार असेल तर मी येईन. नाहीतर माझे तीन जिने आणि माझा गुडघा, आम्ही आमचं बघून घेऊ."

"येऊ द्या की," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "दोघंही या."

मिस्त्रीणबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पण नवरा सुतार, घराखालीच त्याचा कारखाना, आणि गिऱ्हाईक आलं की आधी बोलायचं ते बाईंशी. त्यामुळे पंचवीस वर्षांत खरं नाव बँकेच्या पासबुकापुरतं उरलं होतं. आक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. आणि ससा म्हणजे मुकादम. घरभर दिवसातून चार फेऱ्या मारून सगळं जागच्या जागी आहे ना हे बघतो, म्हणून मुकादम.

त्याच्या आधी आक्कांकडे रेशीम नावाची सशीण होती. पांढरीशुभ्र, उजवा कान पडलेला. मिस्त्रींनी तिच्यासाठी हौसेनं घर करून दिलं होतं. खिळा न मारता, नुसत्या सांध्यांवर उभं. आक्का म्हणाल्या होत्या, "रंग नको, पॉलिश नको, ती कुरतडते." मिस्त्रींनी तसंच कोरं दिलं. रेशमीनं सहा महिने त्या घराचा एक कोपरा आवडीनं कुरतडला, मग खाणं सोडलं, आणि आठवड्याभरात गेली.

आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. रिकामं घर मात्र परत पाठवलं. तेव्हापासून त्या फोन करायच्या तो वहिनीला. भावानं मध्ये काही विचारलं तर "बरं" आणि "हो" यांच्या पुढे गाडी जायची नाही. मिस्त्रींनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. "मी कोरं लाकूड दिलं होतं," एवढंच ते बायकोला म्हणायचे. "आता माझ्यावर राग असेल तर असो."

अशी तीन वर्षं गेली. आणि आता आक्का येणार होत्या, सशासकट. म्हणजे घर पुन्हा मिस्त्रींनीच करायचं.

"सागवान लावतो," त्यांनी जाहीर केलं. "शंभर वर्षं कीड लागायची नाही."

मिस्त्रीणबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "का नाही लागत हो कीड?"

"का म्हणजे? तेल असतं त्यात. किडीला सोसत नाही."

"मग सशाला सोसेल?"

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. चाळीस वर्षं ते लाकूड निवडत आले ते कुणी खाऊ नये म्हणून. खाण्यासाठी लाकूड कसं निवडायचं, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "मला काय माहीत," ते म्हणाले. "मी काय ससा आहे?"

मिस्त्रीणबाईंना मात्र हा प्रश्न चिकटला तो चिकटलाच. शाळा सातवीला सुटली, पण प्रश्न सुटले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. एक बोकड आणि दोन मांजरं झाल्यावर त्यांचा नंबर आला.

"पेशंट कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अजून यायचाय. त्याच्या घराचं विचारायला आले."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. लोक सहसा खोकं आधी करतात आणि मेलेला ससा घेऊन नंतर येतात, असं त्या म्हणाल्या, आणि मनापासून सांगायला लागल्या. भुश्याच्या दाबलेल्या फळ्या नकोत, त्यात गोंद फार. देवदारासारखं वासाचं लाकूड नको, आपल्याला सुगंध वाटतो पण त्यांच्या छातीला आणि यकृताला बाधतो. जर्दाळू, आलुबुखार, असल्या कठीण बाठ्याच्या फळझाडांचं नको. कण्हेर तर जवळपाससुद्धा नको. सफरचंदाच्या वाळल्या फांद्या चालतील, खेळायला. घरासाठी साधं पाइन, पण भट्टीत नीट वाळवलेलं.

"आणि सागवान?"

"खात्रीनं नाही सांगता येणार. माहीत नसेल तर वापरू नये."

हे उत्तर मिस्त्रीणबाईंना फार आवडलं. इतकी शिकलेली बाई, 'नाही सांगता येणार' म्हणते.

तिथून त्या थेट वखारीत. वखारवाला त्यांना ओळखून होता. त्यांनी एक फळी नाकाशी धरली, दुसरीवर नख ओढलं, तिसरीवर बाटलीतलं पाणी ठिपका-ठिपका टाकलं, तेव्हा तो गल्ल्यावरून उठूनच आला. "वहिनी, हे काय चाललंय? मिस्त्री बरे आहेत ना?"

"ते बरे आहेत. हे बघा, ह्या फळीनं पाणी पिऊन टाकलं, आणि ह्या फळीवर थेंब तसाच उभाय. असं का?"

"ती तेलकट औषध पाजलेली आहे. बागेतल्या कुंपणाची. पाणी आत कसं जाणार?" वखारवाल्यालाही आता मजा वाटायला लागली. त्यानं मागच्या अंगणातले यंत्रांबरोबर आलेली लाकडी पॅलेट दाखवली. "ह्यांच्यावर शिक्का असतो. एचटी म्हणजे नुसती उष्णता दिलेली. एमबी असेल तर विषारी वायू मारलेला, त्याला हात लावू नका. अख्खा जन्म ह्या धंद्यात गेला वहिनी, पण सशाच्या बाजूनं माल बघणारं गिऱ्हाईक पहिलंच."

शेवटी भट्टीत वाळवलेल्या कोऱ्या पाइनच्या आठ फळ्या पसंत पडल्या. आठही फळ्यांवर त्यांनी थेंब टाकून बघितला. आठही फळ्या तहानलेल्या निघाल्या.

संध्याकाळी फळ्या कारखान्यात उतरल्या. सकाळी चहा आणि पाण्याचा पेला घेऊन बाई खाली गेल्या, तेव्हा मिस्त्री मापं आखत होते. फळ्या घोडीवर ओळीनं मांडलेल्या. काल वखारीत बघितलेली गंमत नवऱ्यालाही दाखवावी म्हणून बाईंनी बोट पेल्यात बुडवलं आणि फळीवर थेंब सोडला.

थेंब तसाच उभा राहिला. मोत्यासारखा.

दुसरी फळी. तिसरी. बाईंनी फळीला नाक लावलं. काही कळेना. कळणार कसं? ह्या खोलीत वाळवीच्या औषधाचा वास कायमचाच मुरलेला. माशाला पाण्याचा वास येत असेल तर ह्यांना येणार.

"अहो, ह्यांना औषध लावलंत?"

"मी? छे! तूच तर सांगितलंस ना, कोऱ्या ठेवायच्या म्हणून."

"मग अंगठा बघा."

मिस्त्रींनी अंगठा बघितला. तेलानं चकाकत होता. कोपऱ्यात डब्यावर आडवा ठेवलेला ब्रश अजून ओला होता.

झालं होतं ते असं. कारखान्याचा एक नियम होता, मिस्त्रींच्या वडिलांपासूनचा. कुठलीही फळी दारातून आत आली की घोडीवर घेण्याआधी तिला औषधाचे दोन हात. आलेल्या लाकडातून वाळवी आत यायला नको म्हणून. बाहेरून आलं की आपण चपला काढतो, तसं. चपला कधी काढल्या, हे कुणाला आठवतं? पहाटे शीळ घालत फळ्या घोडीवर चढवताना मिस्त्रींच्या हातानं आपलं काम करून टाकलं होतं. मिस्त्रींना न विचारता.

"जित्याची खोड," बाई म्हणायला गेल्या, आणि थांबल्या. नवऱ्याचा चेहरा उतरला होता. ते माळ्याकडे बघत होते.

माळ्यावर रेशमीचं घर होतं. परत आल्यापासून त्यात काचकागद ठेवलेले. मिस्त्रींनी शिडी लावली, घर खाली काढलं, काचकागद झटकून टाकले. बाईंच्या हातातला पेला घेऊन त्यांनी आतल्या फळीवर थेंब सोडला. न कुरतडलेल्या बाजूला.

दोघंही वाकून बघत राहिली. थेंब हलला नाही.

"तीन वर्षं मी फुगून बसलो होतो," मिस्त्री म्हणाले.

बाई मनात म्हणाल्या, आक्कांना कशाला कळायला हवं? वखारीतून दुसऱ्या फळ्या आणू, त्या वर घरालगतच्या गच्चीत नेऊ, कारखान्याचा उंबरठा दाखवायचाच नाही. म्हातारी बहीण येतेय, मिटलेलं उकरून तिनं येणंच रद्द केलं तर? तसं त्या बोलूनही गेल्या.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तिला आधी सांगतो. मग ती येवो न येवो." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः फोन लावला.

"आक्का, मी बोलतोय. रेशमीच्या घराला मी वाळवीचं औषध लावलं होतं. मला आठवत नाही. पण लावलं होतं. आज कळलं."

बाईंनी कान फोनला चिकटवला.

"मला माहीत होतं," आक्का म्हणाल्या.

"माहीत होतं?"

"अरे, पहिल्या दिवशीच वास आला. दार उघडलं की नाकात जायचा. पण तू इतक्या हौसेनं करून आणलंस, घाम पुसत उभा होतास. म्हटलं, कसं बोलू? दोन दिवसांत उडून जाईल म्हटलं. आणि ठेवलं तिला त्यात." आक्कांचा आवाज बारीक झाला. "तुला न कळता झालं. मी तर नाक असून गप्प बसले. तुझ्याशी बोलायला गेले की तेच तोंडाशी यायचं, म्हणून बोलत नव्हते."

मिस्त्री पेल्याकडे बघत उभे होते. "मग... येतेस ना?"

"येते. पण एक सांगते. आता भीड धरणार नाही. आधी वास घेणार, मग पिशव्या उतरवणार."

नव्या आठ फळ्या वखारीतून थेट गच्चीत गेल्या. रोज सकाळी मिस्त्री हात चोळचोळून धुवायचे, आणि बाई समोर स्टुलावर बसायच्या, हाताला एकटं सोडायचं नाही म्हणून. पाचव्या दिवशी घर उभं राहिलं. कोरं, जुळलेलं, बारीक जाळीचं.

रविवारी आक्का आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपली, टोपलीत करडा मुकादम. पाणी नको, चहा नको. गच्चीत गेल्या, डोळे मिटले, आणि दारापासून सुरुवात केली. एकेका फळीला नाक लावत, काठीवर रेलत. मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. बाईंनी पदराचं टोक पिळून पिळून पार चुरगळलं.

मागच्या डाव्या कोपऱ्याशी आक्का थांबल्या. पुन्हा हुंगलं. "इथे काय आहे?"

मिस्त्री पुढे झाले. वाकून बघितलं. "इथे... हा सांधा बसत नव्हता. तासभर डोकं टेकून बसलो होतो."

"मग?"

"घाम असेल. माझा."

आक्कांनी डोळे उघडले. भावाकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी बघतात तसं. "केस किती गेले रे तुझे," त्या म्हणाल्या, आणि टोपलीचं झाकण काढलं.

मुकादमानं घराला एक पूर्ण फेरी मारली. मग दुसरी. मग दाराच्या चौकटीशी, जिथे मिस्त्रींनी सर्वांत सुबक गोलाई काढली होती, तिथे दात लावून कामाला लागला.

"अरे अरे, तिथे नको!" मिस्त्री ओरडले.

"खाऊ दे," आक्का म्हणाल्या, आणि वहिनीकडे वळल्या. "अगं, आता ठेव चहा."