तीन बोटांची मूठ

“नवी युक्ती काढलीस की आधी तिची नोंद कर, मग चारचौघांत दाखव,” हिल्ट्रूडचे वडील ऐरणीजवळ बसून तिला सांगत. ते देवाघरी गेले आणि पोरगी हा सल्ला विसरली.

मित्रांनो, मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. पाती वडिलांची, बाकी सारे हिल्ट्रूडचे. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या उभ्या उतारावर द्राक्षवेली छाटताना तिची दोन बोटे गेली. मग तिने मला अशी कळ बसवली की, हात सैल पडताच पाती अडकावीत. मूठही उरलेल्या तीन बोटांपुरती वाकवली.

छाटणीच्या दिवसांत हत्यार मागितले तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. तिचे दाजी एगॉन मला मागून घेऊन गेले. “ईस्टरच्या आत मीच आणून देईन, आईची शपथ,” त्यांची बायको गेर्लिंडताई धाकट्या बहिणीला म्हणाली.

दाजींनी माझे चित्र काढून पेटंटच्या कचेरीत युक्ती स्वतःच्या नावावर नोंदवली. त्या कचेरीत कागद तेवढे तपासतात. युक्ती कुणाची, हे विचारत नाहीत.

हिल्ट्रूड दाजींच्या तळघराच्या दारात आली. “दाजी, माझी कात्री द्या.”

“तुझी? सरकारदरबारी माझं नाव आहे. आणखी एक घडवलीस तर कोर्टात खेचीन.”

“मग मूठ वाकडी का, ते सांगा. चित्रातसुद्धा तशीच काढलीत.”

“कारागिरी असते ती! तुला काय कळणार, तीनबोटे?”

“पाच बोटांना ती टोचते, दाजी. कचेरीतल्या पंचांसमोर धरून दाखवा.”

दाजींनी दार आपटले. त्या दिवशी त्यांनी मला हातात धरले आणि त्यांच्या तळव्याला फोड आला. देव मला क्षमा करो, मला आनंद झाला. त्यांनी शिवी हासडून मला ओल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. ईस्टर झाला की भट्टीत घालणार, असे म्हणाले.

तिकडे हिल्ट्रूडने नोंद रद्द करण्याचा अर्ज केला. पण पंचांसमोर ठेवायला मीच नसेन तर तिचे कोण ऐकणार? मी गंजत राहिले. त्या घरातल्या प्रत्येक पावलाचा मला तिटकारा आला, ताईच्यासुद्धा. रोज ती बटाटे न्यायला येई आणि माझ्याकडे पाठ करी.

मित्रांनो, उसने आणलेले हत्यार कोरडे ठेवा आणि ज्याचे त्याला परत द्या. लोखंड बोलत नाही, पण कुणाच्या हातातले ते विसरत नाही.

गुड फ्रायडेला दाजी चर्चमध्ये गेले. ताई खाली आली. आज तिच्याजवळ टोपली नव्हती. तिने मला खिळ्यावरून काढले, कमरेच्या एप्रनने पुसले, त्यातच गुंडाळले आणि मागच्या दाराने बहिणीच्या घराची चढण धरली.