हार्लनच्या अंगठ्याची जागा

मी एक जुना चाकू आहे. खिशात मावणारा, दोन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा. तुम्ही मला आज पाहिलंत तर म्हणाल, "जुना कुठला? हा तर कालच दुकानातून आणलेला दिसतोय." मित्रांनो, नेमक्या याच वाक्याने माझं डोकं फिरतं. ज्यांनी मला असं चकचकीत करून ठेवलं, त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो तुमच्यापासून लपवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. म्हातारा चाकू आहे, गोड बोलून तुमची करमणूक करावी अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. तिथे पाती ठोकणारे वेगळे, धार लावणारे वेगळे आणि सगळे भाग जुळवणारे वेगळे. ज्याने मला जुळवलं त्याने मला कानाशी धरलं, पातं उघडलं आणि मिटलं. टक् असा आवाज आला. तो ऐकून तो समाधानाने मान हलवत मला टोपलीत टाकून मोकळा झाला. आमच्यात चाकू चांगला की वाईट हे त्या आवाजावरून ठरतं. माझा आवाज तेव्हाही चांगला होता आणि आजही आहे. तेवढा एक गेला नाही, कारण तो घासून काढता येत नाही.

तिथून मी दक्षिणेला आलो, टेनेसीच्या डोंगराळ भागात. एका लोखंडी सामानाच्या दुकानातून इडेला नावाच्या मुलीने मला घेतलं आणि लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर नवऱ्यासमोर धरलं. नवरा म्हणजे हार्लन टीग. गुरं राखणारा, हात मोठे, बोलणं कमी.

"घे. पण फुकट नाही हं," इडेला म्हणाली.

"लग्नाला तास झाला नाही आणि बायको वसुलीला लागली?"

"चाकू फुकट दिला की नातं कापलं जातं. एक सेंट टाक हातावर, मग तुझा."

हार्लनने नव्या सुटाचे सगळे खिसे उलटे केले. एकातही नाणं नव्हतं. शेवटी ज्या पाद्र्याने लग्न लावलं त्याच्याकडूनच तांब्याचं एक नाणं मागून घ्यावं लागलं. इडेला इतकी हसली की तिची टोपी पडली. आमच्या भागात हा रिवाज सगळेच पाळतात, कुणी त्याला अंधश्रद्धा म्हणत नाही. ते नाणं तिने हसत हसत मुठीत घट्ट धरलं, आणि मी हार्लनच्या उजव्या खिशात गेलो.

त्यानंतर मी कामाला लागलो तो लागलोच. गवताच्या गठ्ठ्यांचे दोर कापले, खाद्याची पोती उघडली, तारेच्या कुंपणात अडकलेल्या वासराच्या पायाची दोरी एका झटक्यात तोडली. दुपारी गोठ्याच्या सावलीत हार्लन सफरचंद माझ्यानेच कापायचा आणि पात्यावरूनच फोड तोंडात टाकायचा. सफरचंदाच्या रसाने माझं पोलाद आधी निळसर झालं, मग करडं, मग काळंभोर. हा गंज नव्हे, मित्रांनो! गंज पोलाद खातो. हा काळेपणा पोलादाला राखतो. कामाने आलेला रंग आणि हलगर्जीपणाने आलेला डाग यांत फरक असतो, आणि ज्याला तो कळत नाही त्याने दुसऱ्याच्या चाकूला हात लावू नये.

हार्लन मला दगडावर धार लावायचा तेव्हा त्यावर थुंकायचा. इडेला नाक मुरडायची. वर्षानुवर्षं धार लागून माझं मोठं पातं मध्ये झिजलं, बारीक झालं. आणि मुठीच्या हाडावर, जिथे त्याचा अंगठा टेकायचा, तिथे एक खळगा पडला. तो कोणी कोरला नाही. एका माणसाच्या अंगठ्याने रोज दाबून दाबून तो पडला. हार्लनने खिशात हात घातला की अंगठा आपोआप तिथे जाऊन बसायचा, बघायची गरज लागत नसे.

शनिवारी तो मला घेऊन कचेरीसमोरच्या बाकावर जायचा. तिथे गावातले म्हातारे देवदाराची लाकडं तासत बसत. काही बनवायचं म्हणून नव्हे, नुसती तासायची. पायाशी लाल ढलप्यांचा ढीग पडे. चाकूंची अदलाबदलही तिथेच चाले. दोघांनी आपापला चाकू बंद मुठीत धरायचा आणि न बघता बदलायचा, मग जे हाती येईल ते आपलं. मी त्या बाकावर भल्याभल्यांना रडवेलं होताना पाहिलंय.

"काय हार्लन, आज टाकतोस का मूठ?" ड्यूई नावाचा जाडा गडी दर आठवड्याला विचारायचा.

"टाकतो की. पण घरी येऊन इडेलाला तू सांगायचं."

"नको रे बाबा! मला अजून जगायचंय."

एकदा मात्र ड्यूई चुकून मला खिशात घालून घरी निघाला. हार्लन त्याच्या मागे भर रस्त्यात धावला. त्याच संध्याकाळी त्याने खिळ्याने माझ्या मुठीच्या टोकाच्या धातूवर दोन अक्षरं ओरखडली, एच आणि टी. वाकडीतिकडी होती. मला ती फार आवडायची.

इडेला गेली. हार्लन म्हातारा झाला आणि गोष्टी विसरू लागला. चूल बंद केली की नाही, गाईंना पाणी दाखवलं की नाही, ते त्याला आठवेना. माझी जागा मात्र तो कधी विसरला नाही. मग एके दिवशी तो गोठ्यात पडला. त्याला इस्पितळात नेलं आणि तिथून वृद्धाश्रमात. कपडे बदलताना कुणीतरी मला स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. त्याची मुलगी नॅडीन रात्रंदिवस त्याच्यापाशी होती. तिचं घराकडे लक्ष नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांनी मदत म्हणून घर रिकामं करून दिलं. मदत! खणातलं सगळं एका सिगारच्या डब्यात भरलं आणि अंगणात मांडलेल्या विक्रीत ठेवून दिलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

तो डबा वेंडेल क्रॅब्ट्रीने उचलला. हा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. जुने चाकू जमवण्याचं वेड त्याला अलीकडेच लागलं होतं, आणि नवं वेड लागलेला माणूस किती धोकादायक असतो ते मला विचारा. त्याने घरी गेल्यागेल्या माझा फोटो काढून आपल्यासारख्याच चाकू जमवणाऱ्या मंडळींना पाठवला. खाली लिहिलं, 'या आठवड्याची कमाई!' कमाई कुणाची, केली कुणी, आणि हा खुशाल मिरवतोय.

मग त्याने मला तळघरात नेलं. तिथे पॉलिश करायचं फिरतं चाक होतं. "कुणीतरी पार वाट लावलीय याची," तो स्वतःशीच म्हणाला. "थांब, तुला माणसात आणतो."

त्याने माझा काळा रंग उतरवला. झिजलेलं पातं घासून सरळ केलं. मुठीचा खळगा दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंचं हाड सपाट केलं आणि वर लाल रंग चढवला. शेवटी ती दोन अक्षरं त्याने ओरखडे समजून चाकाला लावली. मी तापलो, किंचाळलो. त्याला वाटलं, चाक आवाज करतंय. त्याने चाकाला तेल घातलं!

पुढच्या शनिवारी सकाळी हॉटेलच्या मागच्या खोलीत चाकूवाल्यांची बैठक होती. दर आठवड्याला ही मंडळी मऊ पावासारखी तिथली बिस्किटं रश्श्यात बुडवून खाऊन झाली की टेबलावर टॉवेल पसरतात आणि नव्याने हाती लागलेले चाकू त्यावर मांडतात. वेंडेलने मला रुमालातून काढलं, एखादा जादूगार ससा काढतो तसं. मुख्य खुर्चीवर लुएला हॅच बसली होती. जन्मभर तिने जुने चाकू पारखले होते, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"हा तोच? फोटोतला?" तिने विचारलं.

"तोच! ओळखू येत नाही ना?" वेंडेल खुशीत म्हणाला.

लुएलाने चष्मा काढून ठेवला. "गाढवा, उद्या माझ्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवशील. एक थेंब तेल आणि मऊ फडकं, एवढंच करायचं असतं. किती वेळा सांगितलं?"

"पण लुएलाबाई, किती घाण होती त्याच्यावर—"

"घाण नव्हती ती! माणूस होता तो. पुसून टाकलास."

तेवढ्यात दार उघडलं आणि नॅडीन आत आली. मी तिला लगेच ओळखलं. लहानपणी तिला मी शिट्टी कोरून दिली होती. ती दमलेली दिसत होती.

"माफ करा हं, बैठकीत व्यत्यय आणतेय," ती म्हणाली. "तुम्ही जुने चाकू घेता असं कळलं. माझ्या बाबांचा एक हरवलाय. चुकून विकला गेला. काळा पडलेला, पातं मध्ये झिजलेलं, टोकाला एच टी. तो नाहीसा झाल्यापासून ते दिवसभर खिसे चाचपत असतात. जेवतसुद्धा नाहीत नीट. आश्रमवाले म्हणालेत, पातं उघडू द्यायचं नाही, पण हातात धरायला हरकत नाही. मला तेवढंच हवंय."

वेंडेलचे कान लाल झाले. एक गोष्ट मी त्याच्या बाजूने सांगतो, माझी इच्छा नसली तरी. तो खोटं बोलला नाही. त्याने फोनवरचा जुना फोटो काढून तिच्यासमोर धरला.

"हाच!" नॅडीन जवळजवळ ओरडली. "हाच तो! कुठाय?"

वेंडेलने टॉवेलवर बोट दाखवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग वेंडेलकडे अशी पाहत राहिली की मला पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासारखं रागावलेलं भेटलं.

"घेऊन जा," वेंडेल हळूच म्हणाला. "तुमचाच आहे. फक्त... ते एक सेंट..."

"रिवाज मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि पर्समधून एक नाणं काढून टेबलावर आपटलं.

वेंडेलही तिच्यामागोमाग आश्रमात आला. कुणी बोलावलं नव्हतं. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

हार्लन खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. किती लहान झाला होता तो! उजवा हात खिशात होता, आत काहीतरी शोधत होता. नॅडीनने तो हात बाहेर काढला आणि मला त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"बाबा, बघा काय आणलंय."

त्याची बोटं मिटली. मित्रांनो, त्या हाताची ऊब मी विसरलो नव्हतो. त्याचा अंगठा मुठीवर गेला. जिथे जायचा तिथेच गेला, आणि घसरला. त्याने पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिथे आता काहीच नव्हतं. मी जीव तोडून सांगत होतो, मीच आहे हार्लन, मीच! पण चाकूचं कोण ऐकतं?

मग नॅडीन त्याला अडवायच्या आत त्याने मला उघडलं आणि मिटलं. टक्.

तो थांबला. त्याने मान तिरकी केली. क्षणभर मला वाटलं, जिंकलो. दारात वेंडेलनेही श्वास रोखला होता. हार्लनचा अंगठा परत एकदा त्या गुळगुळीत हाडावरून सावकाश फिरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"चांगला आहे," तो म्हणाला. "नवा दिसतोय."

"तुमचाच आहे बाबा. आईने दिलेला."

"नाही गं पोरी. हा माझा नाही." त्याने मला तिच्या हातात अलगद परत दिलं. "कुणाचा सापडला तुला? ज्याचा असेल त्याला देऊन टाक आधी. बिचारा खिसे चाचपत बसला असेल."

आणि त्याचा हात पुन्हा खिशात गेला.

बाहेर आल्यावर नॅडीनने मला वेंडेलच्या हातात कोंबलं. त्याने घाईघाईने खिशातून तिचं नाणं काढलं आणि पुढे केलं.

"ठेवा," ती म्हणाली. "पैसे देऊनही नातं कापलं गेलंच ना?"

आता मी वेंडेलच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असतो, मखमलीवर. शेजारी ते नाणंही त्याने ठेवलंय. पाहुणे येतात आणि म्हणतात, "वा, काय लखलखतोय!" वेंडेल लगेच दुसऱ्या चाकूकडे वळतो. पॉलिशचं ते चाक त्याने विकून टाकलं म्हणे. बरं केलं. पण म्हणून मी त्याला माफ केलंय असं कुणी समजू नये.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठल्यातरी खणात एखादी काळी पडलेली, झिजलेली वस्तू असेल. ती हाती आली की लगेच घासायला बसू नका, आणि विकायलाही काढू नका. आधी घरातल्या माणसांना विचारा, ही कुणाच्या हातात झिजली. तो माणूस अजून असेल तर ती त्याच्या हातात नेऊन द्या, आहे तशी, काळीबिळी. माझ्या बाबतीत हे कुणी केलं नाही.

मी हार्लन टीगचा चाकू आहे. माझ्यावर आता तसं कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो.