सगळ्यात कोरडं शेत

आमच्या घरात सासऱ्यांचा शब्द शेवटचा आणि सासऱ्यांच्या वर फक्त पंप. खालची दोन शेतं पूर्वी दलदल होती. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आजोबांनी चर खणून तिथलं पाणी बाहेर काढलं आणि ते परत येऊ नये म्हणून तेव्हापासून पंप घरघरतोय. त्याचा आवाज जरा बदलला की बाबा ताटावरून उठतात. मी तीनदा हाक मारली तरी ती मात्र त्यांना ऐकू येत नाही.

माती म्हणाल तर काळीभोर, हलकी. पाण्याखाली युगानुयुगं साठलेल्या गवतापाल्याची. गाजरं अशी येतात की बघत राहावं. पण ही माती खचते. घर खोल रोवलेल्या खांबांवर असल्यामुळे जागचं हलत नाही, अंगण तेवढं खाली जात राहतं. मग काही वर्षांनी दारात सगळ्यात खाली एक नवी पायरी बांधायची, शेजाऱ्यांना चहाला बोलवायचं आणि सगळ्यांनी हसत म्हणायचं, "घर वाढलं हो!" आमच्याकडे सगळे हेच करतात. मला तो चहा घशाखाली उतरत नाही. घर कसलं वाढतंय, जमीन संपतेय. यंदा मी कसते त्या शेतात नांगराला खालची निळी चिकणमाती लागली. तिच्यात गवतसुद्धा धड उगवत नाही. उद्या माझ्या लेकीने काय पेरायचं तिथे?

"बाबा, पाणी थोडं वर येऊ द्या," मी जेवताना म्हटलं. "माती टिकेल. ओल्यात पाणकणीस लावू. घरात ऊन-थंडी शिरू नये म्हणून भिंतींत भरायचे तक्ते करायला विकत घेतात ते गवत."

"पाणी वर आलं की दलदल," बाबा म्हणाले. "सडकी, घाणेरडी. माझ्या हयातीत तरी नाही."

नवऱ्याने ताटात डोकं घातलं. वडिलांसमोर त्याच्या तोंडाला कुलूप असतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फक्त म्हणाल्या, "आधी जेवा."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. शेतीच्या संशोधन केंद्रातून एक बाई मातीतून निघणारा वायू मोजत गावोगाव फिरत होती. तिला मी परस्पर बोलावून घेतलं. घरात तिचं नाव लगेच मोजणीबाई पडलं. तिच्याकडे एक झाकणासारखं भांडं, दोन नळ्या आणि आकडे दाखवणारं यंत्र होतं. भांडं जमिनीवर पालथं घालायचं आणि आत वायू किती भरभर साठतो ते बघायचं.

"पाणी काढलं की मातीत हवा शिरते," तिने बाबांना सांगितलं. "मग माती कुजते आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. तुमचं अंगण खाली जातंय ते त्यामुळेच."

"कुजतं ते ओलं," बाबा म्हणाले. "माझी जमीन कोरडी आहे. चला, दाखवतो."

आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात, ओलं ते घाण आणि कोरडं ते स्वच्छ. त्यामुळे बाबांनी तिला ऐटीत नेलं ते पंपाशेजारच्या त्यांच्या लाडक्या शेतात, सगळ्यात कोरड्या जागी. तिने भांडं ठेवलं. बाबा त्यावर वाकले.

"काका, जरा लांब. नाहीतर तुमचाच श्वास मोजला जाईल."

बाबा चार पावलं मागे गेले आणि खरोखर श्वास रोखून उभे राहिले. मला हसू आवरेना. आकडा मात्र धावत सुटला. "यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले. तिने पुन्हा मोजलं, तेच. मग बाबांनी स्वतःच्या हाताने भांडं पालथं घातलं, तरी तेच.

"आता वाईटातली वाईट जागा दाखवा," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घालून माझ्या शेताचा कोपरा दाखवला. तिथला चर ढासळलेला, पाय ठेवला की चुबुक आवाज येतो. पाहुण्यांना आम्ही तिकडे फिरकू देत नाही. तिथे आकडा पेंगत पेंगत चढला.

"इथे थोडा मिथेन निघतो, तोही मोजलाय," मोजणीबाई म्हणाली. "पण सगळं धरूनही इथलं बरंच कमी आहे."

बाबा चराच्या काठावर बसले. "म्हणजे मी जितकं चांगलं काम केलं, तितकी माती गेली."

मी सुनावायला एक झणझणीत वाक्य तयार ठेवलं होतं. ते गिळलं. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

"नुसतं पाणी सोडून भागत नाही, काका," मोजणीबाई सामान आवरता आवरता म्हणाली. "ते जमिनीखाली वीतभरच राहायला हवं. पावसात उपसायचं, उन्हात धरून ठेवायचं. सतत लक्ष लागतं. बरेच जण तिथेच कंटाळतात."

"कंटाळतात?" बाबांनी मान वर केली. "पंपाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घरघर थांबली. घरात कुणी गेल्याशिवाय पंप थांबणार नाही, या धास्तीने आई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. "अहो, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मीच बंद केला," बाबा पंपाच्या सवयीने ओरडून म्हणाले.

आई जरा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ओरडताय कशाला? आता सगळं ऐकू येतं."

पाणी किती वर आलं ते बघायला बाबांनी माझ्या शेतात फावड्याने एक खड्डा खणून ठेवला आणि पुढे काही दिवस ते त्यात डोकावत राहिले. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. मी धावले. बाबा पालथे पडले होते, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात. त्यांनी हात बाहेर काढला. बोटं ओली होती.

"आलं गं पाणी," ते म्हणाले. जन्मभर हेच शब्द त्यांनी घाबरून उच्चारले होते. त्या दिवशी ते हसत होते.