त्या दिवशी डबा नव्हता

मुलांनो, डोळे मिटा आणि तुमचा वर्ग समोर आणा. बाईंनी गणितं घातली आहेत. तुमची सोपी होती, झाली. शेजारचा मात्र अडलाय. तुम्ही त्याची दोन गणितं सोडवून देता. चांगलं केलंत. आता अशी कल्पना करा, की तेवढ्यात तुमच्या धाकट्या भावाने दारातून हाक मारली, "दादा, पडलो!" काय कराल? पेन्सिल टाकून धावाल. आधी हे गणित संपवतो, मग येतो, असं तुमच्यातला कुणीही म्हणणार नाही.

जोगेश्वरीतल्या एका शाळेच्या गाड्या मात्र तसं म्हणत होत्या. हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

विजेवर चालणाऱ्या दहा गाड्या होत्या त्या. प्रत्येकीत चालकाच्या बाजूला एक काळी पेटी. ती गाडीचं डोकं. मागे कुणी उभं असेल तर पेटी कॅमेऱ्यातून बघायची आणि भोंगा वाजवायची. दहाही गाड्या नेटवर्कने जोडलेल्या. जी उभी असेल तिचं डोकं रिकामं, म्हणून ती चालत्या गाड्यांची गणितं सोडवून द्यायची. तेव्हा पेटीवर हिरवा दिवा लागायचा. इथपर्यंत झकास. एकमेकांना मदत करण्यासारखं चांगलं दुसरं काय आहे?

पण गाड्या पुरवणाऱ्या कंपनीने या रिकाम्या डोक्यांवर बाहेरचं कामही घ्यायला सुरुवात केली. सामान पोचवणाऱ्या शेकडो गाड्यांचे रस्ते आखायचं काम. शाळेला विचारलं नाही, पालकांना नाही, चालकांना तर नाहीच. आणि पेन्सिल टाकून धावायचं, हे पेटीला शिकवलंच नाही. हातातलं काम आधी, आपल्या गाडीतली मुलं नंतर!

सात नंबरची गाडी चंपा चालवायची. तिची मुलगी नीलम त्याच शाळेत सहावीत. या कामाने पेटी दिवसभर इतकी तापायची, की चंपा आपला जेवणाचा डबा तिच्यावर ठेवायची. बाकीचे चालकही ठेवायचे. दुपारी भाजी गरम मिळायची.

चंपाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. कंपनीच्या मरोळच्या डेपोत जाऊन तिने दोनदा सांगितलं, "साहेब, हिरवा दिवा असला की भोंगा उशिरा वाजतो."

"ताई, तुम्ही गाडी चालवा. डोकं आम्ही चालवतो," असं म्हणून तिथला माणूस हसला होता.

मग व्हायचं तेच झालं. शाळा सुटल्यावर दुसरीतला धवल बुटाची नाडी बांधायला सात नंबरच्या मागे वाकला. इतक्या खाली, की आरशात दिसेना. चंपाने दोन्ही आरसे बघितले, भोंगा वाजतो का याची वाट बघितली, वाजला नाही म्हणून गाडी मागे घेतली. भोंगा वाजला तेव्हा धवल पडलेला होता. त्याचा हात मोडला.

चार दिवसांनी मुख्याध्यापिका अनुपमाबाईंच्या खोलीत बैठक बसली. कंपनीचे विद्याधर साहेब होते, धवलची आई दीप्ती होती आणि सकाळची फेरी करून आलेली चंपा भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. मधल्या सुट्टीत नीलम येऊन दारात थांबली.

साहेबांनी एक फोटो टेबलावर ठेवला. काळ्या पेटीवर चंपाचा डबा.

"डब्याने पेटीची हवा कोंडली, पेटी तापली, भोंगा उशिरा वाजला. यंत्र काय करणार?" साहेब म्हणाले. मग त्यांनी एक कागद चंपापुढे सरकवला. "माझ्या डब्यामुळे अपघात झाला, एवढंच लिहिलंय. सही करा. पोलीस वगैरे काही नको. फक्त यापुढे शाळेच्या गाडीवर बसायचं नाही."

"चंपाताई, ठेवायचात का डबा?" अनुपमाबाईंनी विचारलं.

"ठेवायचे."

"त्या दिवशीही?"

चंपाने तोंड उघडलं आणि मिटलं.

ती का गप्प बसली, हे नीलमला ठाऊक होतं. मागच्या वर्षी एका पालकाने चंपाला विचारलं होतं, "तुम्ही कुठल्या विहारात जाता म्हणे?" दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलगी चंपाच्या बाटलीतलं पाणी घेईना. तेव्हापासून चंपा घरातली गोष्ट शाळेत काढत नसे. मुलांनो, कुणाला असं गप्प बसायला लावणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो.

चंपाने टेबलाशी येऊन पेन उचललं.

"आई, नको!" नीलम आत आली. "त्या दिवशी डबा नव्हताच!"

"ए, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नसतं," साहेब म्हणाले.

नीलमने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि फोटोवर ठेवलं. "काकू, धवलला कधी लागलं?"

"अठ्ठावीस तारखेला," दीप्ती म्हणाली.

नीलमने पान मागच्या महिन्यावर उलटलं. अठ्ठावीसच्या चौकोनात पूर्ण चंद्र छापलेला होता.

"पौर्णिमा," नीलम म्हणाली. "आईचा उपोसथ असतो, उपास. सकाळी घरी जेवते, दुपारी बारानंतर काही खात नाही. डबा आणेलच कशाला? तुमचा फोटो दुसऱ्याच दिवसाचा आहे."

दीप्ती चंपाकडे वळली. "दवाखान्यात मी तुमच्यापुढे बिस्किटं धरली, तेव्हा तुम्ही म्हणालात, आज नको. मला वाटलं, घाबरल्यात म्हणून खात नाहीत." मग ती साहेबांकडे वळली. "फोटो कधीचा आहे हो?"

साहेबांनी फोटो उचलून खिशात घातला. "बरं, नसेल डबा. गाडी उन्हात उभी असेल. पेटी तापते उन्हाने."

"आत्ता डब्याने तापली म्हणत होतात. आता ऊन?" दीप्ती चिडून म्हणाली.

"मॅडम, हे टेक्निकल आहे. तुम्हाला नाही समजणार. या मुलीला तर अजिबात नाही."

नीलमने आईकडे बघितलं. "आई, गाडी कुठे लावलीयस?"

"झाडाखाली. सकाळपासून सावलीतच आहे."

"बंद?"

चंपाने मूठ उघडून चावी दाखवली. दुसऱ्या हातातलं पेन तिने टेबलावर ठेवलं होतं. सही केलेली नव्हती.

"डबा?"

"माझ्या पिशवीत आहे. ही बघ."

नीलमने चावी घेतली आणि दुसऱ्या हाताने विद्याधर साहेबांचं मनगट पकडलं. "अगं, सोड!" ते म्हणाले. तिने सोडलं नाही. खोलीतून, जिन्यावरून, मैदानातून ती त्यांना ओढत घेऊन गेली. मागून दीप्ती, चंपा, अनुपमाबाई. मधल्या सुट्टीतली पोरं डबे सोडून बघायला लागली. झाडाच्या गार सावलीत सात नंबर उभी होती. नीलमने दार उघडलं. शाळेच्या दहाही गाड्या उभ्या होत्या, तरी आत पेटीचा पंखा घुमत होता, हिरवा दिवा लागलेला होता. तिने साहेबांचा तळहात काळ्या पेटीवर टेकवला आणि "आई गं!" असं ते ओरडेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरला.