कुलपाची दाढी

दाढीला साबण लावताना तो गिऱ्हाइकाचं नाकसुद्धा दिसू देत नसे, म्हणून गल्लीत त्याला सगळे फेसराव म्हणत. शेजारच्याच गाळ्यात त्याची बायको कुलपं दुरुस्त करायची. दोघांची कमाई घरातल्या एकाच पेटीत पडे. पेटीला वर पैसे टाकायची फट आणि पुढे बायकोनेच बनवलेली दोन कुलपं: उजवं त्याचं, डावं तिचं. वर्षातून एकदा दोघांनी मिळून पेटी उघडायची आणि पैशाचं काय करायचं ते मिळून ठरवायचं. अट एकच होती. ज्याचं कुलूप त्या दिवशी उघडणार नाही, त्याने त्या वर्षी पैशाच्या बाबतीत तोंड उघडायचं नाही.

यंदा फेसरावचा जीव एका खुर्चीत अडकला होता. पायाने दाबली की गिऱ्हाईक अलगद वर! नाहीतर बुटक्या माणसाखाली फळी सरकवा, उंच माणसासाठी आपण स्टुलावर चढा, हे किती दिवस चालायचं? बायकोला मात्र किल्ल्या कापायचं यंत्र हवं होतं. कानस घासून घासून तिचा खांदा भरून येई. पेटीतले पैसे दोन्हीला पुरणारे नव्हते. आणि पेटी उघडायला एक दिवस उरला असताना फेसरावची किल्ली गायब!

त्याने खिसे उलटे केले, गादी झाडली, पलंगाखाली लोळून आला. नवी किल्ली करून घ्यावी, तर जवळपास कुलूपवाली एकच आणि तीही घरचीच!

मग त्याला आठवलं, साबणात ठसा उमटवून बायको किल्ली बनवते. साबणाला काय तोटा? ठसा किल्लीचा घेतात, कुलपाचा नव्हे, एवढी बारीकशी गोष्ट तेवढी त्याच्या लक्षात राहिली नव्हती. दुपारी त्याची म्हातारी आई पलंगावर डुलक्या घेत असताना त्याने पेटी ओढून भिंतीवरच्या आरशाकडे तोंड करून बसवली. पाठीमागच्या दारावर नजर ठेवायची तर आरसा हवाच. स्वतः पेटीच्या मागे उभा राहिला, रोज गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतो तसा, आणि आरशात बघत उजव्या कुलपात दाढीचा साबण मळून ठासला. काडीने उकरून पाहिलं. ठसा कसला, नुसता चिखल! पेटी जागेवर ढकलून तो निमूट दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी मधोमध आली. ऐकायला कमी येणारी आई काय चाललंय ते बघायला पुढे सरकून बसली.

"हं, उघडा तुमचं," बायको म्हणाली.

"आधी तू. मान तुझा."

"आज बराच मान देताय! अंग काय चाचपताय? ही घ्या." तिने अवजारांच्या पिशवीतून त्याची किल्ली काढली. "तुमच्या टॉवेलात होती. कधीची."

"कधीची? आणि बोलली नाहीस?"

"बोलणार होते हो. पण तुम्ही पलंगाखाली शिरलात, नुसते पाय दिसत होते. मजा वाटली. आता द्यावीच लागली. दडवून ठेवून यंत्र घेतलं असतं, तर त्यावर माझा हात चालला नसता."

फेसरावने किल्ली घातली. कुलूप लोण्यासारखं उघडलं. आणि साबण? आरशापुढे उलटी बसलेली पेटी डोळ्यांसमोर उभी राहिली: मागून उजवं, ते पुढून डावं!

बायकोने आपली किल्ली फिरवली. ती हलेना. पुन्हा फिरवली, फुंकर मारली, तेलाचा थेंब सोडला. कुलूप ढिम्म!

म्हणजे खुर्ची आपली! नियम म्हणजे नियम. फेसरावने तोंड उघडलं, पण बायकोचा उतरलेला चेहरा बघून मिटलं. स्वतःच्या हातचं कुलूप उघडेना, हे त्या बिचारीला कुणाला सांगायची सोय नव्हती.

"गुलाबाचा वास कुठून येतोय?" आईने नाक वर केलं. तिचे कान मंद, पण नाक तिखट होतं.

बायकोने किल्ली बाहेर काढली. टोकाला पांढरा फेस! "अहो," ती सावकाश म्हणाली, "माझ्या कुलपाला दाढी आली होती का?"

"तुझ्या नव्हे गं, माझ्या कुलपाची करायची होती!" फेसराव कळवळून म्हणाला, आणि मग सगळं सांगावंच लागलं. बायको आधी भडकली, मग हसत सुटली, ती पदराने डोळे पुसेपर्यंत. कोमट पाणी आणि तार घालून तिने कुलूप मोकळं केलं.

"तर मग यंत्र," ती म्हणाली.

"का म्हणून? माझं तर उघडलं!"

"आणि माझं कुणामुळे अडलं?"

"थांबा रे," आई म्हणाली. "अर्धं ऐकलं, उरलेलं वासावरून कळलं. एकीने किल्ली दडवली, एकाने कुलपात साबण कोंबला. दोघांचाही शब्द बाद. मग बोलायला उरलं कोण?"

आईने पेटी आपल्याकडे ओढली.

"मला कानाचं यंत्र आणा. एवढी वर्षं तुमची भांडणं अर्धीच ऐकतेय. शेवट काय होतो ते कळतच नाही."

कानाचं यंत्र आलं. खुर्ची आणि किल्लीचं यंत्र दोन्ही राहिलं पुढच्या वर्षावर. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर फेसराव स्वयंपाकघरात बायकोच्या कानाशी लागला. "यंदा किल्ली कुठे ठेवू गं, म्हणजे हरवणार नाही?"

ती उत्तर देणार, तोच बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "माझ्याकडे द्या. दोन्ही!"