तक्ता क्रमांक चारचा स्रोत

घरात थोरलीला सगळे वाणिज्यमंत्री म्हणायचे. 'आंतरराष्ट्रीय व्यापार, गुंतवणूक आणि विकासधोरण' या विषयात ती एम.ए. करत होती आणि एवढं नाव एका दमात म्हणताना बाबांना धाप लागायची, म्हणून त्यांनीच ही सोय काढली होती. आईला कुणी विचारलं, की लेक काय शिकते, तर ती म्हणायची, "बाहेरून माल येतो ना, त्याचं." थोरलीला हे ऐकून हसू यायचं.

सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती. विभागात संशोधन सहायकाची एकच जागा, ती त्या परीक्षेवर ठरणार होती आणि थोरलीला ती जिवापाड हवी होती. प्रबंध तर जमासुद्धा झाला होता. त्याचं सार एवढंच: सहा वर्षांपूर्वी सरकारने बाहेरून येणाऱ्या बुटांवरचं आयात शुल्क वाढवलं, आयात धाडकन खाली आली, इथले कारखाने वाढले, म्हणजे बूट आता इथेच बनतात. तक्ता क्रमांक चारमध्ये आयातीची रेघ घसरगुंडीसारखी खाली येत होती. त्या रेघेवर थोरलीचं लेकरासारखं प्रेम होतं.

शनिवारी सकाळी घरात रंगीत तालीम झाली. बाबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन परीक्षक झाले. धाकटीने मोबाइलवर वेळ लावली आणि पंधरा मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी टाळ्या मिळणार नाहीत, असं बजावलं. आई सुट्टीची म्हणून कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. लॅपटॉपवर कारखान्याचा फोटो आला, खाली ओळ होती, 'येथे संपूर्ण बूट तयार होतो', आणि आई फिस्सकन हसली.

"कोण करतं गं संपूर्ण बूट?"

थोरली थांबली. आई अकरा वर्षं बुटांच्याच कारखान्यात होती. थोरलीने प्रबंधासाठी तीन मालकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, तासन् तास ताटकळून. आईला एक प्रश्न विचारला नव्हता.

आईने हातातल्या टॉवेलची घडी न मोडता सांगितलं. बुटाचा वरचा भाग शिवूनच येतो, बाहेरून, खोक्यातून. सोल दुसऱ्या खोक्यातून. आम्ही सोल्युशन लावतो, दाबतो, नाडी ओवतो. "पूर्वी अख्खे यायचे, आता सुटे येतात. तुला माहीत असेल असं वाटलं. तू शिकतेस ना त्याचंच."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," बाबा म्हणाले.

थोरलीने सीमाशुल्काची आकडेवारी उघडली. 'बुटांचे भाग' अशी एक वेगळी ओळ होती. माहिती साफ करताना ती ओळ तिने स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. शेजारी शेराही मारला होता, 'अनावश्यक'. आता तिने त्या ओळीतल्या आकड्यांची रेघ काढली. बुटांची रेघ जिथे घसरत होती, नेमकी तिथूनच ही ऐटीत वर चढत होती.

बाबांचं मत पडलं, की परीक्षकाची आई काही कारखान्यात नसणार, झाकली मूठ राहू दे. मार्गदर्शक मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, प्रबंध आता बदलता येणार नाही, पण दुरुस्तीचं एक पान जोडता येईल. मात्र परीक्षक मग त्याच पानावर ठाण मांडून बसतील, तेव्हा तुझं तू ठरव.

खोटी रेघ घेऊन उभं राहणं तिला जमणार नव्हतं. रागारागाने तिने पान लिहायला घेतलं. 'हे कारखाने केवळ नावाचे आहेत, धोरण पूर्णपणे फसले आहे.' धाकटीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

आईच्या हातातली घडी या वेळी मोडली. "नावाचे? शुल्क वाढलं त्या वर्षी आम्हा चाळीस जणींना परत कामावर घेतलं. तू बारावीत होतीस. त्याच चिकटवण्यावर तुझं कॉलेज झालं, बाई. खोटं लिहू नकोस, पण आम्हाला खोडूही नकोस."

थोरलीने ते वाक्य पुसलं. मग वही घेऊन आईच्या समोर मांडी ठोकून बसली आणि रविवार संध्याकाळपर्यंत उठली नाही. एका पाळीत किती जोड होतात? शिकवतं कोण? पहिल्यापेक्षा नवीन काय आलं? आईने सांगितलं, की गेल्या वर्षी वरचा भाग शिवायची चार मशिनं आलीत, बारा जणी शिकताहेत, त्यात एक ती. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नीट जमल्यावर सांगणार होते, म्हणाली.

सोमवारी परीक्षक खरंच त्या एका पानावर चाळीस मिनिटं बसले. बाकीची ऐंशी पानं त्यांनी उलटलीही नाहीत. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, ही चूक तुमच्या लक्षात आणून कुणी दिली?

"आईने," थोरली म्हणाली. "ती तिथे सोल चिकटवते. मी तिला आधी विचारलं नाही, ही खरी चूक."

त्यांनी मान डोलावली आणि चार मशिनांबद्दल विचारायला सुरुवात केली. तिथे मात्र थोरली अशी सुटली, की मॅडमना घड्याळ दाखवावं लागलं.

गुरुवारी यादी लागली. जागा तिला मिळाली.

बांधणी केलेली प्रत घेऊन ती घरी आली. आभाराच्या पानावर ग्रंथालयापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे होते आणि 'कुटुंबीय' हा एकच शब्द. त्याची तिला आता लाज वाटत होती. पण दुरुस्तीच्या पानावर, दोन रेघांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं: 'स्रोत: सीमाशुल्क आकडेवारी, आणि माझी आई, सोल चिकटवणे विभाग.'

आईने त्या ओळीवरून बोट फिरवलं. दोनदा. डोळे पदराला पुसले आणि मग बोट शेवटच्या शब्दांवर आणून ठेवलं.

"हे बदल. येत्या सोमवारपासून मी शिलाईला आहे."

थोरलीने पेन काढलं.