थोपटून बघा

यंत्र खोटं बोलत नाही, असं आमच्या गणकयंत्र विभागाच्या दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. नसेलही बोलत. पण त्याच्या तोंडी शब्द घालणारे तात्या होते.

तात्या आमचे ऑपरेटर. यंत्राला स्वतःलाच न कळणारा बिघाड झाला तर त्याने काय छापावं, हे बारा वर्षांपूर्वी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गंमत म्हणून ‘थोपटून बघा’ घातलं. लोकांनी थोपटून बघितलं आणि यंत्र चालू झालं. मिनिटभर थांबलं की ते आपोआपच चालू व्हायचं, हे तात्यांना ठाऊक होतं. पण पुढे पुढे तेही थोपटू लागले. मग त्याचं शास्त्र झालं. डाव्या अंगाला, तळव्याने, अंगठी काढून. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जाई.

त्या गुरुवारी नदीखात्याच्या बाई आल्या. नदीचं पाणी त्यांनी चौदा वर्षं रोज स्वतः मोजलं होतं. आकडे यंत्रात चढले तशा वह्या रद्दीत गेल्या. शुक्रवारी नव्या पुलाची उंची ठरायची होती. पुरात पाणी काठावर आठ फूट चढतं, हे बाईंना तोंडपाठ होतं. समितीला मात्र छापील कागद हवा होता.

यंत्राने छापलं: थोपटून बघा. बाईंनी अंगठी काढून थोपटलं. पुन्हा तेच. दुपारपर्यंत सगळा विभाग आळीपाळीने थोपटत होता. साहेबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी दोनदाच थोपटलं.

शेवटी दुरुस्तीवाला आला. डावं झाकण काढून त्याने आत बघितलं आणि इथे कोण मारतं, असं विचारलं. आकडे साठवायची तबकडी नेमकी त्या झाकणामागे होती. प्रत्येक थापेसरशी आकडे वाचणारी सुई बारा वर्षं तिच्यावर आपटत आली होती. तबकडी आता घासलेल्या पातेल्यासारखी दिसत होती.

तेव्हा कुठे तात्यांनी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे थोपटायचं नव्हतंच?” बाईंनी विचारलं.

“नव्हतं.”

“एकदा तरी बोलायचंत, तात्या.”

“तुम्ही थोपटलंत की चालायचं हो, बाई. तुमच्या हाताला गुण आहे म्हणायचो आम्ही.”

बाई अंगठी घालून निघून गेल्या. शुक्रवारी त्यांनी समितीपुढे आकडा तोंडी सांगितला. त्याची नोंद झाली नाही.

पूल काठापासून सहा फूट उंचीवर बांधला.